प्रकरण अकरावं: मुद्दाम चुकवलेली परीक्षा

लीगवाल्यांनो, तुम्ही लिहिलंत की लुसियन नार्सिस पहिल्यापासूनच असा होता.

याच शब्दांत नाही. शब्दांना इस्त्री करणारी माणसं तुम्ही पगारावर ठेवलीत. भरपाईचा अर्ज फेटाळणाऱ्या तुमच्या पत्रात आहे, ‘अर्जदाराच्या बौद्धिक क्षमतेत मूळ नोंदीच्या तुलनेत लक्षणीय घट आढळत नाही.’ म्हणजे आज जो माणूस शेगडीवर तेल तापत ठेवून रस्त्यावर निघून जातो, स्वतःच्या बायकोला, शेरीसला, ‘बाई, आपण कोण’ विचारतो, तो अठराव्या वर्षीही तेवढाच होता, असं तुमचं म्हणणं. मग अकरा मोसम तुमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याला बचावाच्या मधोमध कसा उभा केलात? समोरचा संघ रांगेत लागेपर्यंत दहा जणांनी कुठे सरकायचं हे ओरडून सांगणारा तोच होता. साठ-साठ खुणा तोंडपाठ, आणि दर आठवड्याला नव्या. तेव्हा त्याच्या डोक्याची तारीफ करताना तुमची जीभ थकत नव्हती. त्याच माणसाचे परीक्षेतले गुण एवढे कमी कसे, असा प्रश्न तुमच्यातल्या एकालाही पडू नये? नाही पडला. ऊसपट्ट्यातला काळा पोरगा नापास झाला, यात तुम्हाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतंच. आकडा बघितलात, फोटो बघितलात, पान उलटलंत.

आकडा खोटा होता. आणि तो ज्याने खोटा करायला लावला, तो माणूस तुमचं पत्र आल्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी बायू फेलिस गावात घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली उभा राहून उकळत्या पातेल्यात खेकडे सोडत होता.

अल्साइड नार्सिस, लुसियनचा बाप. वय सत्त्याहत्तर. गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. चाळीस वर्षं शाळेच्या संघाचा बचाव त्याने घडवला, म्हणून सगळ्यांचा तो ‘कोच’. बायकोचासुद्धा.

“कोच, मसाला अजून घाला,” अर्नेस्टीन टेबलावर वर्तमानपत्रं पसरत म्हणाली. “मागच्या वेळी खेकडे चर्चमधल्या पाण्यासारखे अळणी लागत होते.”

अल्साइडने मसाला घातला. वाफ डोळ्यांत गेली, तसा तो मागे सरला.

थोरला मुलगा रेनार्ड सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, शनिवारी, टाय लावून. तो शाळेच्या मंडळावर होता आणि पुढच्या शुक्रवारी शाळेच्या मैदानाला बापाचं नाव देण्याचा घाट त्यानेच घातला होता. फाटकावर पाटी चढली होती, फक्त तिच्यावरचं कापड काढायचं बाकी होतं.

“बाबा, आज काही सही करू नका,” तो पातेल्याजवळ येऊन हळूच म्हणाला. “निदान शुक्रवार जाऊ द्या.”

“कागद सोमवारी पोचायला हवा. नंतर अपील घेत नाहीत.”

“मग शेरीसला दुसरा साक्षीदार शोधू दे.”

“दुसरा कुठून आणणार? गाडीत लुसियन आणि मी दोघंच होतो.”

ती गाडी घरात सगळ्यांना माहीत होती. दोन हजार चारचा ऑगस्ट, कॉलेजच्या शिबिराचा पहिला दिवस. धडका सुरू होण्याआधी प्रत्येक पोराला एका संगणकासमोर बसवतात. पाच शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, थोड्या वेळाने विचारतात. आलेले गुण म्हणजे मूळ नोंद. पुढे कधी डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण मूळ नोंदीइतके आले तर पोरगं मैदानात, कमी आले तर बाकावर. आणि बाकावर बसलेल्या लाइनबॅकरची, म्हणजे मधल्या बचावपटूची, जागा रिकामी राहत नसते. म्हणून हुशार बचावपटू पहिल्याच दिवशी ढ व्हायचे. अल्साइडने गाडी चालवता चालवता पोराला सांगितलं होतं, “सगळं देऊ नकोस त्यांना. निम्मं खिशात ठेव.”

पोराने बापाचं ऐकलं. कॉलेजात ऐकलं, आणि पुढे मोठ्या लीगमध्ये गेल्यावरही.

शेरीसची गाडी आत आली. लुसियन उतरला, दार भरून टाकणारा माणूस, अडतिसाव्या वर्षी केस पिकलेले. त्याच्या डाव्या मनगटावर खेळाडूंची ती झाकणाची पट्टी होती. तिच्यात पूर्वी डावांची यादी असायची. आता शेरीसच्या अक्षरात लिहिलेलं असे: गोळ्या घेतल्या. दार लावलं. आज शनिवार. आईकडे जेवण.

त्याने पट्टी बघितली, मग भावाला बघितलं. “टाय लावून आलास? मयताला आलायस की मतं मागायला?”

“दोन्ही एकदम असतं कधी कधी,” रेनार्ड म्हणाला, आणि दोघे हसले. क्षणभर सगळं जुन्यासारखं वाटलं. अल्साइडला तो क्षणच सोसवेना. त्याने तोंड पातेल्याकडे वळवलं.

शेरीसने पिवळा लिफाफा टेबलाच्या टोकाला ठेवला आणि त्यावर सॉसची बाटली ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून. ती ह्यूस्टनची, शाळेत गणित शिकवणारी, कमी बोलणारी. वर्षभरात ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. रात्री ती दारासमोर गादी टाकून झोपते, नवरा बाहेर पडू नये म्हणून, हे अल्साइडला दुसऱ्या कुणाकडून कळलं होतं. तिने कधी सांगितलं नव्हतं. या अपिलावर एवढंच अवलंबून होतं: उपचार आणि दिवसा घरी माणूस मिळाला तर लुसियन घरात राहणार, नाहीतर त्याला कुलूपबंद संस्थेत ठेवावं लागणार.

खेकडे वर्तमानपत्रावर ओतले गेले. मका, बटाटे, लाल वाफ. सगळे बसले. पहिली दहा मिनिटं फक्त कवच फुटल्याचे आवाज.

मग रेनार्ड म्हणाला, “शेरीस, मी स्पष्ट बोलतो.”

“तुम्ही कधी नाही बोलत?”

“कोच नार्सिसने पोरांना परीक्षेत फसवायला शिकवलं, हे बाहेर गेलं तर पाटीवरचं कापड निघायच्या आत पाटी निघेल.”

“कागद गोपनीय असतो.”

“बायू फेलिसमध्ये गोपनीय? इथे मांजर व्यालं तरी रविवारी चर्चमध्ये घोषणा होते.”

“मला तुमचं मैदान नको आहे, भाऊजी. मला एक सही हवी आहे.”

“चाळीस वर्षं दिलीत त्यांनी या गावाला.”

“आणि माझ्या नवऱ्याने काय दिलं ते समोर बसलंय. बघा ना. तुम्ही त्याच्याकडे बघतच नाही.”

अर्नेस्टीनने हातातला सुरा खाली ठेवला. “शेरीस. हे घर आहे, कोर्ट नाही. नवऱ्यासाठी तुझा जीव तुटतो, मला कळतं. पण माझ्या नवऱ्याची मान माझ्याच टेबलावर खाली घालायला लावू नकोस. सगळेच कोच सांगायचे तसं. यांनी एकट्याने नाही सांगितलं.”

“आई, थँक्सगिव्हिंगला ती गोष्ट कोण सांगायचं?”

अर्नेस्टीन फुटलेली कवचं गोळा करू लागली.

कारण तीच सांगायची. दर वर्षी, टर्की कापायच्या आधी. लुसियन त्या परीक्षेत कसा बसला, डॉक्टरीणबाईने पाच शब्द विचारल्यावर त्याने डोकं कसं खाजवलं, छताकडे कसं बघितलं. तिचं सोंग इतकं बेमालूम की पाहुणे खुर्चीवरून घसरायचे. तीस माणसं हसायची. अल्साइड टोकाला बसून सगळ्यात मोठ्याने.

“मीसुद्धा हसले होते,” शेरीस म्हणाली. “लग्नानंतरची पहिली थँक्सगिव्हिंग. मला वाटलं, केवढं चतुर घर आहे.”

“गाय,” लुसियन एकदम म्हणाला.

सगळ्यांनी वर बघितलं.

“मी ‘गाय’ म्हणालो होतो. यादीत गाय नव्हतीच.” तो खदखदून हसला, खांदे हलवत, पूर्वीसारखा. कुणीच हसलं नाही म्हणून हळूहळू थांबला. मग त्याच्या कपाळावर आठी आली. “यादीत काय होतं पण?”

टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ते पाच शब्द पाठ होते. वीस वर्षं ऐकलेली गोष्ट. अर्नेस्टीनने त्याच्यापुढे मका सरकवला.

पण अल्साइडपाशी यातल्या कुणालाच माहीत नसलेली आणखी एक गोष्ट होती.

फर्डिनांड रोशों. कॉलेजात दोघे शेजारी शेजारी खेळलेले, अल्साइड उजवीकडे, फर्डी मध्ये. फर्डीची टक्कर दोन मैलांवर ऐकू येते, असं लोक म्हणत. अठ्ठ्याण्णव साली तोच फर्डी साखर कारखान्याच्या कालव्याशी चिखलात बसलेला सापडला. घर कुठे ते माहीत नाही, चड्डी ओली. अल्साइडने त्याला गाडीत घातलं, नळाखाली धुतलं, शहरात डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलला. म्हणाला, हा एखाद्या मोठ्या धक्क्याचा परिणाम नाही. वर्षानुवर्षांचे धक्के आहेत, ज्यांना तुम्ही धक्के म्हणतसुद्धा नाही. तुमची पोरं खेळत असतील तर ऐकून ठेवा.

अल्साइडने ऐकलं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं, फर्डीला दारूचा नाद लागलाय. आणि सहा वर्षांनी पोराला गाडीत बसवून कॉलेजात सोडायला निघाला.

चार वाजता युला बर्नार्ड आली. तीन घरं पलीकडे राहणारी, गावची नोटरी, सत्तरीची, बारीक, काळी पिशवी छातीशी धरून. तिच्यासाठी खुर्ची आली. खेकडा तिने नाकारला.

“डेझमंड कसा आहे?” अर्नेस्टीनने विचारलं. डेझमंड युलाचा मुलगा. अल्साइडच्या संघात बचावाचा कोपरा सांभाळायचा, वाऱ्यासारखा.

“खोलीत आहे. पडदे लावून. उजेड नको असतो त्याला.” तिने चष्मा पुसला. “अर्धशिशी म्हणतात. आमच्या माहेरीही होती.”

अल्साइडने तिच्याकडे बघितलं नाही. शेरीसनेही मान खाली घातली. युलाला बोलावताना तिच्या मनात फक्त सोमवार होता, डेझमंड नव्हता. आता ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“दुसरी नोटरी बघता आली असती,” रेनार्ड दातांतून म्हणाला.

“शनिवारी?” शेरीस तशीच पुटपुटली.

“काय कुजबुज आहे?” युला म्हणाली. “माझी पद्धत माहिती आहे तुम्हाला. मी मोठ्याने वाचते, कोच ऐकतात, मग शपथ, मग सही. न वाचता शिक्का मारणारी बाई पलीकडच्या गावात आहे, तिच्याकडे जा.”

तिने कागद डोळ्यांसमोर धरला.

“‘मी, अल्साइड जोसेफ नार्सिस, शपथेवर सांगतो की सन दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये मी माझा मुलगा लुसियन याला मूळ नोंदीच्या परीक्षेत हेतुपुरस्सर कमी गुण मिळवण्यास सांगितले. माझ्या हाताखालील इतर बचाव खेळाडूंनाही मी असाच सल्ला देत असे. ही माझी नेहमीची पद्धत होती.’”

युला थांबली. ‘इतर बचाव खेळाडूंनाही’ या शब्दांवर तिचं बोट होतं. ते त्या ओळीवरून पुन्हा एकदा फिरलं. पातेल्याखालचा गॅस कुणी बंद केला नव्हता, त्याचा आवाज तेवढा येत होता. ती नोटरी होती. तिने पुढे वाचलं.

“‘या सल्ल्यामुळे खेळाडूंच्या प्रकृतीस धोका आहे याची त्या वेळी मला कल्पना नव्हती.’” तिने कागद खाली केला. “हे सगळं खरं आहे, कोच?”

“शेवटची ओळ काढा,” अल्साइड म्हणाला.

“बाबा,” रेनार्ड म्हणाला.

“काढा ती.”

“बाबा, ती ओळ वकिलाने तुमच्यासाठी घातलीय,” शेरीस घाईने म्हणाली. “लुसियनच्या अपिलाला तिची गरज नाही, असली काय, नसली काय. पण ती असली की तुमच्यावर कुणी बोट रोखणार नाही. राहू द्या ना. मी हात जोडते. मला सही मिळाली की झालं.”

“आयुष्यात पहिल्यांदा मी शेरीसच्या बाजूने आहे,” रेनार्ड म्हणाला. “सही करा आणि विषय संपवा. चालून आलेला आडोसा आहे, कशाला झिडकारता?”

अल्साइडने टेबलावरचं पेन उचललं. बोटांना खेकड्याचं तेल लागलेलं होतं, पेन निसटलं, पुन्हा उचललं. खोटी ओळ तशीच ठेवून सही करायला त्याला एक सेकंद लागला असता. आयुष्यभर त्याने असलेच सेकंद घेतले होते. पण शपथ घ्यायला लावणारी बाई समोर बसली होती आणि तिच्या घरात पडदे लावलेले होते. त्याने ती ओळ खोडली. एकदा, मग पुन्हा, कागद फाटेल इतक्या जोराने.

“फर्डी दारू पीत नव्हता,” तो म्हणाला.

अर्नेस्टीनला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती उठून उभी राहिली.

“डॉक्टरने मला सगळं सांगितलं होतं. अठ्ठ्याण्णव साली. मी घरी येऊन तुला दारू म्हणालो.”

“मी त्याच्या बायकोशी अकरा वर्षं बोलले नाही,” अर्नेस्टीन म्हणाली. “दारुड्याला पाठीशी घालते म्हणून. तिच्या दारावरून जाताना मी रस्ता बदलायचे. ती मेली तेव्हा मयतालाही गेले नाही.” तिचा आवाज अजिबात चढला नाही. “मला नाक वर करून चालायला लावलंत तुम्ही. आणि दर थँक्सगिव्हिंगला मला नाचवलंत. मी सोंग करत होते आणि तुम्ही, सगळं माहीत असून, हसत होतात.”

“अर्नेस्टीन…”

“मला हाक मारू नका.” ती शेरीसच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि सुनेचा हात तिने स्वतःच्या मांडीवर घेतला. अर्ध्या तासापूर्वी तिने त्याच सुनेला घर आणि कोर्ट यातला फरक शिकवला होता.

“पण का, बाबा?” रेनार्डच्या टायची गाठ सैल झाली होती. “माहीत होतं तर का?”

अल्साइडपाशी उत्तर होतं आणि ते इतकं कळकट होतं की तोंडातून काढायची लाज वाटत होती. तरी त्याने काढलं. “कारण तो चांगला होता. माझ्यापेक्षा, फर्डीपेक्षा, सगळ्यांपेक्षा. असं पोर बाकावर बसलेलं मला बघवलं नसतं. मला वाटलं, याला नाही होणार. फर्डीला झालं, याला नाही.”

युलाने शिक्का बाहेर काढला होता. तिने तो हातातच धरला होता.

“माझ्या डेझमंडला कोणत्या वर्षी सांगितलंत?”

“शाळेच्या शेवटच्या वर्षी. कॉलेजात जायच्या आधी.”

“बरं,” युला म्हणाली. “म्हणजे माझ्या माहेरची अर्धशिशी नव्हे ती.” तिने खोडलेल्या ओळीच्या बाजूला बोट ठेवलं. “इथे आद्याक्षरं. खाली पूर्ण सही. आणि हात वर करा, शपथ अजून घेतलेली नाही तुम्ही.”

त्याने हात वर केला. तिने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हटलं. सही केली. शिक्का उमटला. शेरीसने कागद उचलून लिफाफ्यात घातला. तिला हवं होतं ते मिळालं होतं, पण ती मिळाल्यासारखी दिसत नव्हती. युला उठून गेली नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती तशीच अल्साइडकडे बघत बसली. ती त्याच्यापेक्षा बुटकी होती तरी अल्साइडला वाटलं, कुणीतरी उंचावरून बघतंय.

या सगळ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खेकडे फोडण्याचा आवाज कधी थांबला, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

लुसियन उभा राहिला. वर्तमानपत्राला हात पुसले. तो टेबलाला वळसा घालून बापासमोर आला आणि एक गुडघा टेकून खाली बसला, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीवर आले. त्याचे डोळे स्वच्छ होते. असे स्वच्छ ते महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचे, आणि किती वेळ राहतील याचा भरवसा नसे.

“बाबा, मी ऐकलं सगळं.”

“बेटा…”

“नाही, मला बोलू द्या. कॉलेजचं दुसरं वर्ष. टेक्सासवाल्यांशी सामना. मला डोक्याला लागलं आणि मी उठून समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसलो. हे मला आठवत नाही, लोक सांगतात, टीव्हीवर दाखवलं होतं. पण एक मला आठवतं. आतल्या खोलीत मला टेबलावर झोपवलं होतं आणि तुम्ही आलात. तुमचा तपकिरी कोट होता, पावसात भिजलेला. डॉक्टर बाहेर गेला. मी तुम्हाला विचारलं, ‘बाबा, डोकं बरोबर नाही माझं. जाऊ का पुन्हा, की राहू?’ हे विचारलेलं मला आठवतं. माझाच आवाज आठवतो.”

अल्साइडने पेन टेबलावर ठेवलं.

“पुढचं नाही आठवत. कितीदा शोधलं मी. कोट आठवतो, दिवा आठवतो, तुमचं तोंड हललेलं आठवतं. त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं. ते फक्त तुमच्यापाशी आहे.” त्याने बापाचं मनगट धरलं, दुखेल असं. “तुम्हाला फर्डीकाकाचं माहीत होतं आणि मी विचारत होतो. काय म्हणालात तुम्ही? सांगा, बाबा. मी हे डोक्यात धरून आहे तोवर सांगा. काय म्हणालात?”